जपून म्हणजे नेमकं कसं

टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तिच्या रिपोर्टवर सगळ्यात आधी माझी नजर गेली ती एलव्हीईएफ ६० टक्के या ओळीवर, आणि पाचपाखाडीतल्या त्या सेंटरच्या पायऱ्यांवर उभी राहून मी मनातल्या मनात वजाबाकी केली. म्हणजे चाळीस टक्के गेलं. नवऱ्याला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये, मग रिक्षा केली आणि घरी येईपर्यंत फाईल छातीशी घट्ट धरून बसले. गुरुवार होता, डॉक्टरांची वेळ सोमवारची. मधले चार दिवस मी चाळीस टक्के हृदय गेलेली बाई म्हणून काढले. रात्री डाव्या कुशीवर झोपायची हिंमत होईना, कारण त्या कुशीवर धडधड जास्त ऐकू यायची.

सोमवारी कळलं की हृदय कधीच पूर्ण रिकामं होत नाही. डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला त्याच्यात असलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के बाहेर ढकलतो, तोच हा एलव्हीईएफ, ठणठणीत माणसाचंही एवढंच असतं, आणि माझे ६० म्हणजे पैकीच्या पैकी मार्क होते. हे एक वाक्य रिपोर्ट हातात देताना कुणीतरी सांगायला हवं होतं असं मला अजूनही मनापासून वाटतं. आपल्याकडे टक्के म्हटलं की शंभरातून किती कमी हेच डोक्यात येतं, शाळेपासूनची सवय आहे ती.

खरी गोष्ट त्याच्या दोन ओळी खाली होती. मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स, माइल्ड एमआर. म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप थोडी फुगते आणि किंचित लीक आहे.

हे २०१९ च्या नोव्हेंबरमधलं. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एका वयस्कर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि नेहमीपेक्षा जास्तच वेळ धरून ठेवला, मग मला उकिडवं बसायला सांगितलं, पुन्हा ऐकलं, मग उभं राहा म्हणाले, पुन्हा ऐकलं. मला वाटलं मशीन खराब आहे. ते म्हणाले, एक बारीक टक् असा आवाज येतोय आणि मागून थोडी सुस्कारल्यासारखी मर्मर, टूडी इको करून घ्या, घाबरू नका. घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतोच.

नंतर मी या टक् बद्दल बरंच वाचलं. हा आवाज डॉक्टरांना खूप आधीपासून माहीत होता, पण तो हृदयाच्या बाहेरून कुठून तरी येतो असाच समज होता. १९६३ साली जोहान्सबर्गच्या जॉन बार्लो यांनी हृदयात डाय सोडून काढलेल्या फिल्मवरून दाखवलं की त्या टक् आणि मर्मरचा संबंध मायट्रल झडपेशी आहे. शंभरातल्या दोनतीन जणांना हे असतं. आपण गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे असतो ना, तिथे आजूबाजूला किती जणांच्या छातीत ही टक् होत असेल आणि त्यांना आयुष्यभर कळणारही नाही.

माझ्या कार्डिऑलॉजिस्टांनी मला छत्रीवरून समजावलं. मायट्रल झडपेला दोन पाकळ्या असतात आणि त्या पाकळ्यांना खालून दोऱ्या असतात, छत्रीच्या काड्यांसारख्या, त्या दोऱ्या पाकळ्यांना उलटं होऊ देत नाहीत. माझ्या पाकळ्या जरा सैल आणि मोठ्या आहेत, त्यामुळे कप्पा आकुंचन पावला की त्या वारा भरलेल्या छत्रीसारख्या मागच्या बाजूला फुगतात, काठ नीट जुळत नाहीत आणि थोडं रक्त मागे येतं. छत्री उलटी झालेली नाही, फक्त फुगतेय, म्हणाले. ठाण्यातल्या माणसाला जुलैमधली छत्री वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

घरी हे सांगितल्यावर आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "वन्संनाही हेच होतं."

वन्सं म्हणजे माझी आत्या. कोरेगावची. आमच्या घरात हृदय हा विषय निघाला की आत्याच आठवते. तिला लहानपणी घसा दुखून ताप आला होता, मग गुडघे, घोटे, मनगटं एकामागून एक सुजत गेली, घरच्यांनी सांधे धरलेत म्हणून लेप लावले. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपांना इजा करतं, आणि ती इजा कळायला कधीकधी पंधरावीस वर्षं जातात. हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो असं डॉक्टर मंडळींमधलं जुनं वाक्य आहे. आत्याची झडप चावली गेली. पहिल्या बाळंतपणात तिला धाप लागायला लागली तेव्हा कळलं की मायट्रल झडप अरुंद झालीय. पुढे परळला बलून केलं, म्हणजे आत फुगा फुगवून झडप रुंद केली, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू राहिलं, आणि मला आठवते ती आत्या म्हणजे तीन उशा रचून बसल्या बसल्या झोपणारी, अंगणातल्या दोन पायऱ्या चढून उंबऱ्यावर टेकणारी. सगळे तिला म्हणायचे, जपून गं.

तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं की तिला मी दिसत नव्हते, तीन उशा दिसत होत्या. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याच दिसत होत्या. आत्याची झडप तापाने जाड होऊन चिकटलेली, माझी मुळातच सैल, दोन्ही आजार वेगळे, कारणं वेगळी, पुढचा रस्ता वेगळा, हे डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं आणि मी मान पण डोलावली होती. पण भीती रिपोर्ट वाचत नाही, ती जुनी माणसं आठवते.

मग मी जपायला लागले. आधी तलावपाळीला चक्कर मारायचे ती बंद केली. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाचा जिना सोडून लांबचा रस्ता धरला. योगा क्लास सोडला. पिशव्या नवऱ्याच्या हातात, वरच्या फडताळातले डबे मुलाने काढायचे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि माझ्या घरी बसण्याला सगळ्या जगाचीच परवानगी मिळाली. मनगटावर घड्याळ घेतलं, ते दिवसभर नाडीचे आकडे दाखवायचं, आकडा ११० झाला की मी बसायची, बसल्यावर भीतीने तो ११८ व्हायचा. बोट मानेला लावून नाडी मोजायची सवय लागली, भाजी चिरताना, फोनवर बोलताना, टीव्ही बघताना. घरातले कुणी काही बोलले नाहीत कारण सगळ्यांना वाटत होतं मी नीट जपतेय.

२०२१ च्या पावसाळ्यात परत डॉक्टरांकडे गेले. वजन ६१ वरून ६८. बीपी त्यांनी तीनदा घेतलं, १३८ बाय ९२ च्या आसपासच यायचं, आधी ते ११८ बाय ७६ असायचं. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय होत होतं म्हणून चालणं बंद केलंत? मी म्हटलं, काहीच होत नव्हतं, होऊ नये म्हणून बंद केलं.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कागद ओढून त्यांनी एक कप्पा काढला, त्याला दोन बाण. म्हणाले, कप्पा दाबला गेला की रक्ताला दोन वाटा आहेत, पुढे महाधमनीत आणि मागे तुमच्या त्या छोट्या फटीतून. पुढच्या वाटेवर प्रेशर वाढलं की मागच्या वाटेने जास्त जाणार. नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी मागच्या सांध्यातून उडतं, तसं. म्हणजे ताई, झडपेला ज्याचा त्रास होतो ते तुम्ही दीड वर्ष घरी बसून तयार केलंत.

मला त्या खुर्चीत रडू आलं. राग नव्हता, दुःखही नाही म्हणता येणार, मला वाटलं मी या बिचाऱ्या हृदयाला विनाकारण कोंडून ठेवलं. दिवसाला लाखभर ठोके मारतं ते, मी झोपलेली असताना पण, आणि मी त्याला असं वागवलं जसं ते कुणीतरी परकं, कधीही दगा देणारं आहे.

त्यांनी लगेच स्ट्रेस टेस्ट केली. छातीला वायरी लावून ट्रेडमिलवर चालवतात, सुरुवातीलाच दहा टक्के चढ आणि ताशी २.७ किलोमीटर वेग, मग दर तीन मिनिटांनी चढ पण वाढतो आणि वेग पण. मी दोन्ही हातांनी बार धरून ठेवलेला, टेक्निशियन मुलगी म्हणत होती, काकू बार नुसता टेकवा, लटकू नका. नऊ मिनिटं चालले. घामाने निथळले, नाडी १६० च्या वर गेली आणि काही झालं नाही. एवढ्या जवळून, एवढ्या वायरींच्या साक्षीने, काही झालं नाही. उतरल्यावर मी त्या मुलीचा हात धरून दोनदा थँक्यू म्हटलं, तिला कळलं नसेल का ते.

माझ्यासारख्या किरकोळ लीकला, त्रास नसेल, कप्प्यांचा आकार नॉर्मल असेल, घरात कुणी अचानक दगावलेलं नसेल, तर चालणं, पोहणं, सायकल, अगदी खेळणं सुद्धा चालतं, बहुतेक वेळा कसलीच बंदी नसते. सरसकट सगळ्या झडपांना मात्र हे लागू नाही आणि हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्या ऑफिसमधल्या एकाची महाधमनीची झडप जन्मापासून तीनऐवजी दोन पाकळ्यांची आहे, शंभरात एकदोघांना असते, त्याला चालायला सांगितलंय पण दर वेळी महाधमनीची रुंदी पण मोजतात, ती वाढली तर जड वजनं बंद, आणि त्याच्या सख्ख्या भावाचीही इको करून घेतली कारण हे घरात असू शकतं. आणि झडप खूप अरुंद असेल किंवा लीक मोठा असेल तर गणित पूर्णच वेगळं. म्हणून माझं वाचून कुणी उद्या पळायला लागू नका, आधी स्वतःचा इको आणि स्वतःचा डॉक्टर.

सुरुवात कचराळी तलावापासून केली. घरापासून जवळ, सपाट ट्रॅक, झाडं, बाकं, आणि सकाळी एवढी माणसं की पडले असते तरी कुणीतरी उचललं असतं, असा विचार मी खरंच केला होता. पहिला आठवडा पंधरा मिनिटं. डॉक्टरांनी घड्याळाऐवजी एक साधी खूण दिली, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये, म्हणजे वेग बरोबर. एकटीने बोलायचं काय, मग मी पाढे म्हणायला लागले. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. तेराचा पाढा एका दमात अर्ध्यापर्यंत गेला की ठीक, दुसऱ्या-तिसऱ्यालाच श्वास तुटला की वेग कमी. घड्याळ कपाटात टाकलं. आठवड्याला १५० मिनिटं हे टार्गेट होतं, तिथे पोचायला मला तीन महिने लागले.

एक गोष्ट मी तिथेच शिकले, एकदम सुरू करायचं नाही आणि एकदम थांबायचं तर मुळीच नाही. जोरात चालून झाल्यावर मी एकदा तशीच बाकाजवळ उभी राहिले आणि डोळ्यापुढे अंधारी आली. चालताना पायाचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, ते एकदम थांबले की रक्त पायात साचतं, बीपी खाली येतं. आता शेवटची दहा मिनिटं मी रमतगमत चालते.

आणि पाणी. ते उकिडवं बसवणं आणि उभं करणं कशासाठी होतं ते मला इथे कळलं. उभं राहिलं की हृदयात येणारं रक्त कमी होतं, कप्पा जरा लहान होतो, आणि लहान कप्प्यात सैल पाकळी लवकर आणि जास्त फुगते, त्यामुळे टक् आधी ऐकू येते. पाणी कमी प्यायलं, घाम गेला की तेच होतं. आपल्या ठाण्याचा ऑक्टोबर काय असतो माहितीये, सकाळी साडेसातला पण अंग चिकट. त्या महिन्यात मी सहालाच निघते, निघण्याआधी मोठा ग्लासभर पाणी, हातात बाटली. ज्या दिवशी हे चुकतं त्या दिवशी धडधड जास्त असते, इतकं सरळ आहे.

धडधडीची पण एक गोष्ट. काळजाचा ठोका चुकला असं आपण म्हणतो, मला ते अक्षरशः व्हायचं, रात्री पडल्यावर, एक ठोका गायब आणि मग छातीत धप्प. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद करणारं छोटं यंत्र, लावला, तो शर्टाच्या आत लपवून लोकलने ऑफिसला गेले. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले, ठोका चुकत नाहीये, एक ठोका घाईने लवकर येतो, तो जाणवत नाही, त्यानंतर हृदय जरा जास्त थांबतं, तेवढ्यात ते जास्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात लागतो. तो धप्प म्हणजे हृदय परत लाईनवर आल्याचा. दिवसातले पाच चहा दोनवर आणले, झोप वाढवली, बरेच कमी झाले. अजूनही येतात. मी कूस बदलते आणि झोपते, डाव्या कुशीवर सुद्धा.

जिमचं मात्र मला अजून वाईट वाटतं. घोडबंदर रोडवरच्या एका जिममध्ये गेले, खरं काय ते फॉर्मवर लिहिलं, तर काउंटरवरच्या मुलाने फॉर्म परत केला, हार्ट पेशंट घेत नाही म्हणाला, आजूबाजूचे बघायला लागले. दुसरीकडे गेले तर तिथे उलट, ट्रेनरने नीट ऐकूनही न घेता मला जड बार उचलायला लावला आणि श्वास धरा, धरून ठेवा, अजून एक, असं ओरडत राहिला. श्वास कोंडून जोर लावला की प्रेशर एकदम वर उसळतं, मला नेमकं तेच करायचं नव्हतं. दोघांनाही दोन मिनिटं ऐकून घ्यायला काय हरकत होती? स्नायूंची ताकद माझ्यासारख्या पन्नाशीकडे चाललेल्या बाईला लागतेच. आता घरी तीन किलोचे डंबेल आहेत, उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा, सावकाश. आणि मग लक्षात आलं की आपण घरात दिवसभर श्वास कोंडतच असतो, सिलेंडर सरकवताना, दिवाळीला सोफा ओढताना, भिजलेल्या चादरी पिळताना. मी आता तोंडाने फूऽऽ करत सिलेंडर सरकवते, मुलगा पण नकळत तसंच करायला लागलाय.

दाताचं पण लिहून ठेवते कारण हे मला दोघीतिघींनी विचारलंय. रूट कॅनलच्या आधी डेंटिस्टने विचारलं, झडपेचा प्रॉब्लेम आहे तर अँटिबायोटिक आधी द्यायचं का. पूर्वी सर्रास द्यायचे, पण २००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने नियम बदलले, आता ते कृत्रिम झडप असलेल्यांना, झडपेला आधी इन्फेक्शन होऊन गेलेल्यांना, अशा मोजक्या लोकांनाच देतात. माझ्या डॉक्टरांनी मला नको म्हणून लिहून दिलं आणि म्हणाले, त्यापेक्षा हिरड्या साफ ठेवा, रोजच्या रोज.

आमच्या फ्रिजवर एक चिठ्ठी आहे, माझ्याच अक्षरातली. चालताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं, सपाट झोपल्यावर धाप लागली, घोट्यांना सूज आली, धडधड सुरू होऊन थांबतच नाही असं झालं, किंवा नेहमीच्याच चढाला अचानक जास्त दम लागायला लागला, तर लगेच डॉक्टर. ताप असेल त्या दिवशी व्यायाम नाही, आणि कारण न कळता ताप रेंगाळला तर मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत, झडपेबद्दल सांगून दाखवायचं. ती चिठ्ठी लावल्यापासून मी मानेला बोट लावणं बंद केलं. बाकी काही झालं तर ते त्या चिठ्ठीत नाही, म्हणजे चालायचं.

२०२२ च्या शेवटी परत इको झाली. अंधारी खोली, गार जेल, डाव्या कुशीवर झोपवलेलं, स्क्रीनवर लाल-निळे झोत, आणि मध्येच मागच्या बाजूला एक छोटीशी निळी ठिणगी. मी मान वळवून तिच्याकडे बघत राहिले. तीन वर्षांत ती तेवढीच होती. बीपी १२२ बाय ८०. डॉक्टर म्हणाले, आता तीनेक वर्षांनी या, मध्ये काही वाटलं तर कधीही या.

त्यानंतरच्या पावसाळ्यात येऊरला गेले. उपवनवरून पुढे, गेटपासून वर तो चढाचा रस्ता, दोन्हीकडे हिरवंगार, धबधब्यासारखं पाणी रस्त्यावरून वाहतंय. मैत्रीण पुढे होती. मी माझ्या वेगाने, तेराचा पाढा म्हणत, जिथे तुटला तिथे झाडाखाली उभी राहत. एका वळणावर मला आत्या आठवली आणि मी बराच वेळ तिथेच थांबले. तिला कुणी कधी चालताना बघितलंच नव्हतं, तिच्या झडपेने तिला चालू दिलं नाही. माझी मला चालू देत होती आणि मी दीड वर्ष बसून होते. छत्री मिटली, थोडी भिजले, आणि वर गेले.

आई आता माझ्याबरोबर कचराळीला येते. सुरुवातीला ती मला अडवायलाच यायची, बाकावर बसून दर फेरीला म्हणायची, पुरे गं आता, जपून. हातात जपाची माळ असायची. मी समोरून गेले की एक मणी पुढे ढकलायची, नामाचा आणि माझा हिशोब एकाच माळेवर. गुडघे दुखतात म्हणून तिला चालवत नाही, पण साडेसहाला माझ्याआधी चप्पल घालून दारात उभी असते.

गेल्या मंगळवारी ऑफिसला लवकर जायचं होतं म्हणून मी जरा आधीच थांबले, बाटली उचलली आणि चल म्हटलं. ती उठली नाही. माळ माझ्यासमोर धरून, अंगठा एका मण्यावर ठेवून म्हणाली, "एक फेरी राहिलीय तुझी."